मोरपंखी की हळदी? हॉलसाठी दोन विरुद्ध रंगांमधून निवड करताना

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, आणि उत्तर देण्यापूर्वी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असल्यास आपल्याला तो लगेच कळेल. पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरची सदनिका. हॉल ११ फूट रुंद, १६ फूट लांब, उंची साडेनऊ फूट. पश्चिमेच्या टोकाला बाल्कनी, उत्तरेला एक लहान खिडकी. जमिनीवर मलईच्या रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि तपकिरी सोफा. आपल्या पत्नीला चारही भिंती गडद मोरपंखी हव्या आहेत, आपल्याला हळदीकडे झुकणारा फिकट पिवळा हवा आहे. दोघांनी मिळून बाल्कनीच्या दरवाजालगतच्या भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे शेजारी शेजारी मारले, आठवडाभर ते पाहिले आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. त्यात आपल्या आईंचे म्हणणे असे, की मोरपंखी म्हणून दाखवलेला रंग त्यांना राखाडीच दिसतो. हॉलचा खरा वापर संध्याकाळी सहानंतर होतो आणि आई उत्तरेच्या खिडकीपाशी बसून वाचतात, हेही आपण लिहिले आहे. ही शेवटची दोन वाक्ये आपण सहज लिहिली असतील, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची माहिती त्यांतच आहे.

गेली सव्वीस वर्षे मी घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम पुण्यातील जुन्या-नव्या सदनिकांचे आहे. या अनुभवावरून सांगतो, की ‘या दोनपैकी कोणता रंग चांगला’ हा प्रश्न ज्या घरांत अडून बसतो, तिथे बहुतेक वेळा दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. मोरपंखी आणि हळदी यांच्यात एक फरक नाही, दोन आहेत. एक गडद आहे आणि दुसरा उजळ. शिवाय एक थंड आहे आणि दुसरा उबदार. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगांची जी पद्धतशीर मांडणी केली, तिच्यात प्रत्येक रंगाची तीन अंगे वेगळी केलेली आहेत: तो कोणत्या कुळातला आहे, किती उजळ आहे आणि किती भडक किंवा मळकट आहे. दुकानात रंग निवडताना आपण ही तिन्ही अंगे एकाच नजरेत पाहतो, आणि मग आपल्याला त्यातले नेमके काय आवडले हे आपल्यालाच सांगता येत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की दोनऐवजी चार रंग समोर ठेवावेत. आपले दोन आहेतच. त्यांच्या जोडीला एक फिकट मोरपंखी, म्हणजे पाण्यात भरपूर विरघळवल्यासारखा निळसर हिरवा, आणि एक गडद पिवळा, म्हणजे कुटलेल्या मोहरीसारखा. आता पत्नीला विचारा, की मोरपंखी मिळणारच नसेल तर या उरलेल्या दोघांपैकी कोणता चालेल. त्यांनी फिकट मोरपंखी निवडला, तर त्यांचे प्रेम निळ्या-हिरव्या कुळावर आहे, गडदपणावर नाही. त्यांनी मोहरी निवडला, तर त्यांना भिंतींची खोली, घराने आपल्याला वेढून घेतल्याची भावना हवी आहे आणि रंगाचे कूळ दुय्यम आहे. हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. माझ्या पाहण्यात अशी अनेक जोडपी आहेत, ज्यांचे मतभेद रंगाविषयी आहेत असे दोघांनाही वाटत होते, पण प्रत्यक्षात एकाला उजेड हवा होता आणि दुसऱ्याला रंग, आणि या दोन मागण्या एकाच भिंतीवर सुखाने नांदू शकत होत्या.

आता आपल्या पट्ट्यांविषयी. दोन रंगांची तुलना करायची म्हणजे ते शेजारी ठेवायचे, हे इतके स्वाभाविक वाटते, की त्यात काही चूक असेल असे कुणाच्या मनात येत नाही. परंतु दोन परस्परविरोधी रंग शेजारी आले, की डोळा त्या दोघांनाही बदलून टाकतो. पॅरिसच्या गोबेलिन्स या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगशाळेचे प्रमुख होते. तेथील काळ्या धाग्याच्या रंगात दम नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर रंग उत्तम असल्याचे दिसून आले. दोष त्या काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांचा होता. त्यावरून त्यांनी शेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १८३९ मध्ये त्याचे नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचा गाभा असा, की शेजारी ठेवलेला प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. आपल्या भिंतीवर नेमके तेच चालले आहे. पिवळ्याच्या शेजारी मोरपंखी अधिक काळवंडलेला आणि अधिक निळा दिसतो. मोरपंखीच्या शेजारी पिवळा अधिक उजळ आणि किंचित केशरी दिसतो. म्हणजे पत्नीला वाटते, की पिवळा फारच भडक आहे. आपल्याला वाटते, की मोरपंखी फारच काळा आहे. आणि दोघेही जे पाहत आहात ते खरेच तसे दिसत आहे. मात्र जो रंग निवडाल तो या शेजाऱ्यासोबत राहणार नाही. त्याचे शेजारी असतील मलई रंगाची फरशी, तपकिरी सोफा, पांढरे छत आणि दारांची चौकट. त्यांच्याच संगतीत त्याला पाहायला हवे.

दुसरी अडचण पट्ट्यांच्या जागेची आहे. बाल्कनीला लागून असलेली भिंत ही रंग पारखायला हॉलमधली सर्वांत वाईट भिंत होय, कारण तिच्यावर बाहेरचा प्रकाश पडत नाही. तो तिच्या शेजारून आत येतो. डोळ्यांना एकाच वेळी झगझगीत आकाश आणि ती भिंत दिसते, बाहुली आकाशाच्या हिशेबाने आकुंचन पावते आणि भिंतीवरचा कोणताही रंग आहे त्याहून काळा भासतो. त्याच बाल्कनीच्या समोरची, म्हणजे पूर्वेकडची भिंत सगळा उजेड अंगावर घेते. एकाच डब्यातला रंग या दोन भिंतींवर लावला, तर दोन वेगळ्या छटा आणल्या आहेत असे पाहुणे म्हणतील, इतका फरक पडू शकतो.

म्हणून भिंतीवर पट्टे मारण्याऐवजी फलक तयार करावेत. दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्ड किंवा सनबोर्ड घ्या, प्रत्येक छटेसाठी दोन. त्यांवर आधी पांढऱ्या प्रायमरचा हात आणि मग रंगाचे दोन हात पूर्ण कडेपर्यंत द्या. कडेला पांढरी पट्टी सोडू नका, कारण ती पांढरी चौकटही रंगाला अधिक गडद करून दाखवते. रंग पूर्ण वाळल्याशिवाय निर्णय घेऊ नका. इमल्शन, म्हणजे भिंतींना लावायचा पाण्यातला रंग, ओले असताना दुधाळ असते आणि वाळल्यावर थोडे गडद होते, त्यामुळे पहिल्या तासातले मत बहुधा बदलते. मग एका वेळी एकच छटा हॉलमध्ये आणा आणि बाकीचे फलक आतल्या खोलीत ठेवा. तो फलक पूर्वेच्या भिंतीला, खिडकीजवळ, सोफ्यामागे आणि फरशीला टेकवून पाहा. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री नऊला पाहा. जे वाटेल ते दोन ओळींत लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी दुसरी छटा आणा आणि तसेच करा. तुलना करायची ती या टिपणांची. डोळ्यांना दोन रंग एकाच क्षणी दाखवून त्यांच्यात भांडण लावू नये.

प्रत्येक छटेचे दोन फलक कशासाठी, तेही सांगतो. खोलीच्या कोपऱ्यात ते काटकोनात उभे करून पाहा. दोन्ही एकमेकांवर प्रकाश टाकतात आणि त्या कोपऱ्यात रंग एकट्या फलकापेक्षा ठळकपणे गडद व भडक दिसतो. चारही भिंती रंगवल्यावर संपूर्ण हॉलमध्ये हेच घडते. शेडकार्डावरचा पिवळा गुळगुळीत, शांत वाटतो आणि भिंतीवर तोच अंगावर येतो, याचे कारण रंगाऱ्याने किंवा दुकानदाराने काही वेगळे दिले हे नसून, प्रकाश एका पिवळ्या भिंतीवरून दुसऱ्या पिवळ्या भिंतीवर जाताना प्रत्येक उडीत थोडा अधिक पिवळा होतो, हे आहे. म्हणून पिवळा आवडला असेल, तर आवडलेल्या छटेपेक्षा दोन पायऱ्या फिकी आणि थोडी मळकट छटा घ्यावी, असा माझा नेहमीचा आग्रह असतो. कार्डावर ती निस्तेज वाटते, पण भिंतीवर गेल्यावर तिच्यात पुरेसा पिवळेपणा येतो.

गडद रंगाच्या बाबतीत याच गणिताची उलटी बाजू आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या छटांसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. त्या रंगाची भिंत शंभर भाग प्रकाशापैकी किती भाग परत फेकते, ते हा आकडा सांगतो. फिकट पिवळ्याचा तो साधारण ७० च्या आसपास असतो आणि गडद मोरपंखीचा १० च्या आसपास. आता असे समजा, की खोलीच्या सर्व बाजू एकाच रंगाच्या आहेत. पिवळ्या खोलीत १०० भाग प्रकाशातले ७० परत येतात, ते दुसऱ्या भिंतीवर आदळून ४९ उरतात, मग ३४, मग २४, आणि अशा सगळ्या उड्यांची बेरीज सुमारे २३३ होते. मोरपंखी खोलीत १० परत येतात, मग १, आणि तिथेच गोष्ट संपते, बेरीज ११. आपल्या हॉलमध्ये छत पांढरे आणि फरशी मलईची असल्याने प्रत्यक्षातला फरक इतका टोकाचा नसेल, पण दिशा हीच राहील. फिकट भिंती दिव्याचा उजेड पुन्हा पुन्हा वापरतात, गडद भिंती तो एकदाच वापरून गिळून टाकतात. गडद रंगाने खोली लहान दिसते, असे जे सरसकट सांगितले जाते ते मला अर्धसत्य वाटते. भिंतींच्या कडा अंधारात विरघळल्याने अनेकदा खोली मोठीही भासते. मात्र ती काळोखी दिसते, यात शंका नाही, आणि त्याची भरपाई दिव्यांनीच करावी लागते.

म्हणूनच संध्याकाळी सहानंतरच्या वापराची आपली माहिती मला इतकी मोलाची वाटली. आपल्या हॉलमध्ये भिंतीच्या वरच्या भागात बसवलेली एकच पांढरी ट्यूबलाइट आहे, असे आपण लिहिले आहे. अशा ट्यूबचा प्रकाश सहसा ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढरा असतो. त्या प्रकाशात मोरपंखी निळ्याकडे झुकतो आणि करकरीत दिसतो, तर पिवळ्याच्या अंगी, विशेषतः कोपऱ्यांतल्या सावलीत, हिरवट झाक येते. तीच ट्यूब काढून ३००० केल्विनचे उबदार दिवे लावले, तर पिवळा लोण्यासारखा मऊ होतो, पण मोरपंखीतला निळा भाग मावळतो आणि तो हिरवट, थोडा धुरकट होतो. म्हणजे दिवा बदलल्यावर या दोन्ही रंगांचा स्वभावच बदलतो आणि आपण अजून दिवा ठरवलेला नाही. माझ्या कामात मी नेहमी दिवे आधी निश्चित करतो आणि रंग नंतर. आपणही किमान एक ४००० केल्विनचा आणि एक ३००० केल्विनचा बल्ब आणून रात्रीची पाहणी दोन्हींत करावी. बल्बच्या खोक्यावर सीआरआय हा आकडाही पाहा. तो ९० किंवा त्याहून अधिक असला, तर भिंतीचा, जेवणाचा आणि माणसांच्या चेहऱ्यांचा रंग खरा दिसतो. आपल्याकडे या आकड्याकडे फारसे कुणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण रंगावर हजारो रुपये खर्च केल्यावर शे-दोनशे रुपयांच्या बल्बपायी तो फिका पडतो.

दिवसाच्या उजेडाबद्दल थोडक्यात. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षभर थंड आणि स्थिर असतो, असे युरोप-अमेरिकेतल्या लेखनात वाचायला मिळते आणि त्यावरून उत्तरेच्या खोलीला उबदार रंग द्यावा, असा सल्ला दिला जातो. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य इथे पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे आपल्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत येत असणार. पश्चिमेची बाल्कनी तर दुपारी चारनंतर हॉल तांबूस उजेडाने भरून टाकत असेल. त्या उजेडात भडक पिवळा जवळजवळ नारिंगी होतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तो डोळ्यांना सहन होत नाही. या एका बाबतीत आपल्या पत्नीची थंड रंगाची ओढ अगदी योग्य आहे.

आता आपल्या आईंविषयी. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याची व्हायची आहे, असे आपण लिहिले आहे. वयाबरोबर डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि ते निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळे-हिरवे रंग मळके, राखाडी दिसू लागतात. शस्त्रक्रियेनंतर त्या डोळ्याला तेच रंग पुन्हा स्वच्छ दिसतात. आईंना मोरपंखी फलक एकदा डावा डोळा झाकून आणि एकदा उजवा झाकून पाहायला सांगा. दोन डोळ्यांची उत्तरे वेगळी आली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. त्या राखाडी म्हणतात तो त्यांचा हट्ट किंवा विसराळूपणा नसून, त्यांच्या डोळ्यापर्यंत पोहोचणारा रंगच तसा आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. घरातल्या ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त उजेड लागतो, तीच व्यक्ती हॉलमध्ये सर्वांत जास्त वेळ बसून वाचते आहे. माझ्या मते या एका कारणाने तराजू बराच झुकतो.

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर मी एक खोली ताज्या हळदीच्या रंगात रंगवून दिली. फलक फेब्रुवारीत पाहिले होते आणि ते सुरेख दिसत होते. जुलैमध्ये त्या बाईंनी मला बोलावून घेतले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर शेवाळे धरले होते, खिडकीबाहेरचा कडुनिंब घनदाट झाला होता, आकाश चार दिवस उघडले नव्हते आणि तो हिरवट-करडा उजेड खोलीत येऊन पिवळ्या भिंती आजारी माणसाच्या त्वचेसारख्या दिसत होत्या. रंगात दोष नव्हता, माझ्या पाहणीत होता. पुण्यात पावसाळी उजेड हा अपवाद नसतो, वर्षातले जवळजवळ चार महिने तोच उजेड असतो. तेव्हापासून मी पिवळ्या छटेला नेहमी थोडी तांबूस बाजू देतो, लिंबाकडे झुकणारी छटा टाळतो आणि शक्य असेल तिथे ढगाळ दिवशी फलक पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करत नाही.

भिंतीची अवस्था हा विषय लोक शेवटी काढतात, पण गडद रंगाच्या बाबतीत तो आधी काढायला हवा. फिकट रंग भिंतीच्या उणिवा पोटात घालतो, गडद रंग त्या उघड्या पाडतो. लांबी, म्हणजे पुट्टी, भरताना पट्टीने राहिलेल्या लाटा, नीट न घासलेले सांधे, जुन्या खिळ्यांच्या भोकांवरची डागडुजी, हे सगळे भिंतीलगतच्या ट्यूबचा तिरपा प्रकाश पडला की मोरपंखीवर रेघ न् रेघ दिसते, आणि रंगाला चमक असेल तर अधिकच. चमक टाळून मॅट घेतला, तर लाटा लपतात, पण सोफ्याच्या पाठीचे घासल्याचे चट्टे आणि हातांचे डाग उमटतात, आणि तेवढ्याच जागी पुन्हा रंग लावला तर ठिगळ दिसते. शिवाय पुण्यात पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे आपल्या बाल्कनीच्या भिंतीवर. तिथे थोडीही ओल असेल, तर क्षाराची पांढरी बुरशीसारखी रेघ मोरपंखीवर लांबूनही दिसेल. त्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून चोवीस तास ठेवा. आतल्या बाजूने घाम धरला, तर ओलीचा उगम शोधून दुरुस्त होईपर्यंत कोणताही रंग देऊ नका, पोपडेच निघतील.

खर्चाचा अंदाज आपण विचारला आहे, तो असा. आपल्या हॉलचा घेर ५४ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ५१३ चौरस फूट. दारे, खिडकी, बाल्कनी आणि स्वयंपाकघराकडची मोकळी कमान वजा करता सुमारे ३९० चौरस फूट भिंत उरते. चांगल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण १२० चौरस फूट जाते, म्हणजे फिकट रंगासाठी सव्वातीन लिटर पुरेसे होते. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ डब्यात, तयार करतात, त्यात पांढरे रंगद्रव्य अगदी कमी असते, त्यामुळे तिची झाकण्याची ताकद कमी पडते आणि तिसरा हात बहुधा लागतोच. म्हणजे पाच लिटरच्या आसपास. त्यात टाकायचे रंगद्रव्यही जास्त असते, म्हणून लिटरचा भावही सहसा चढा निघतो. आणखी पाच-सात वर्षांनी फिकट रंगाकडे परतायचे झाले, तर मोरपंखी झाकण्यासाठी प्रायमरचा हात आणि मजुरी पुन्हा येते. कोणताही रंग घ्या, पण सगळे लिटर एकाच वेळी, एकाच दुकानातून यंत्रावर काढून घ्या आणि रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र करून वापरायला सांगा. दोन वेळा काढलेल्या डब्यांतला किंचित फरकही भिंतीच्या मध्यावर दिसतो.

इतके सांगितल्यावर माझा कौल देणे भाग आहे. मी आपला हॉल प्रत्यक्ष पाहिलेला नाही, म्हणून फलकांनी काही वेगळे सांगितले तर फलकांचे ऐका. आपण दिलेल्या माहितीवरून मात्र हॉलसाठी मी पिवळ्या कुळाच्या बाजूने आहे. तो पिवळा आपण निवडलेला हळदी नसावा. पांढऱ्यात हळद जेमतेम दाखवल्यासारखी, रवाळ साजूक तुपाच्या जवळ जाणारी छटा असावी. ती मलई रंगाच्या फरशीशी भांडणार नाही, पश्चिमेच्या उन्हात नारिंगी होणार नाही, तपकिरी सोफ्याला उठाव देईल आणि आईंच्या खुर्चीपर्यंत उजेड परत पाठवेल.

आणि मोरपंखी? अशा वेळी हॉलची एक भिंत गडद करून दोघांचे समाधान करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. आपल्या हॉलमध्ये मोरपंखीला न्याय मिळेल अशी एकच भिंत आहे, पूर्वेची. आणि बाल्कनीतून येणारा सगळा उजेड घेऊन तो हॉलभर परत पसरवण्याचे काम नेमकी तीच भिंत करते. तिला गडद करणे म्हणजे आरसा पालथा ठेवण्यासारखे आहे. मोरपंखी हा अंगभर नेसायचा रंग आहे. पैठणीतला मोरपंखी तिच्या जरीमुळे उजळतो, आणि भिंतीवर ते जरीचे काम दिव्यांना करावे लागते. दुसऱ्या बेडरूमच्या भिंती पुढच्या वर्षी रंगवायच्या आहेत, असे आपण लिहिले आहे. ती खोली आपण दोघे मुख्यतः रात्री वापरता, तिथे कुणाला खिडकीच्या उजेडात वाचायचे नसते आणि बिछान्याच्या दोन बाजूंचे दोन उबदार दिवे तिला पुरतात. पत्नीचा मोरपंखी तिथे चारही भिंतींवर, पूर्ण मनाने द्यावा. त्या दिव्यांत तो थोडा हिरव्याकडे जाईल, म्हणून निवडताना निळसर बाजूची छटा घ्यावी, आणि लांबीच्या कामावर नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त खर्च करावेत. मात्र चार रंगांच्या चाचणीत त्यांनी मोरपंखीऐवजी फिकट निळसर हिरवा आनंदाने स्वीकारला, तर माझा हा सल्ला बदलतो. तो फिकट रंग हॉललाही चालेल, आणि मग निवड आईंनी केली तरी हरकत नाही.

आपण दिवाळीआधी काम उरकायचे म्हणता. माझ्या मते घाई फलकांची करावी, भिंतींची नव्हे. पावसाळ्यात भिंती ओल धरून असतात, हात वाळायला वेळ लागतो, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चांगले रंगारी एकाच वेळी चार घरांत धावत असतात, त्यामुळे घासकामाला पुरेसा वेळ मिळत नाही. ओलीच्या चाचणीत भिंत कोरडी निघाली आणि रंगारी हाताशी असला तर ऑक्टोबरमध्ये करा. नाहीतर नोव्हेंबरचे कोरडे दिवस उत्तम. फलक मात्र याच आठवड्यात तयार करा, कारण बाहेर सध्या जो ढगाळ उजेड आहे तो सप्टेंबरनंतर पुढच्या जूनपर्यंत पुन्हा पाहायला मिळणार नाही.